मदत हवी आहे: हेल क्रीकमधील छोट्या शिकारी डायनासोरचा दात ओळखणे

मोंटानातील हेल क्रीक शैलसमूहात, खासगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने मिळालेला ११ मिलिमीटर उंचीचा एक दात मला ओळखायचा आहे. हे थर क्रिटेशस कालखंडाच्या अखेरचे आहेत. दात बाजूंनी चपटा, मागे वळलेला असून मूळ नाही, म्हणजे तो प्राणी जिवंत असतानाच गळालेला असावा. कडांवर करवतीसारखे दाते आहेत: मागच्या कडेला मिलिमीटरमागे ५, पुढच्या कडेला ८, आणि मागचे दाते टोकाकडे किंचित झुकलेले. दाते एवढे ठळक असल्याने रिचर्डोएस्टेसिया (अगदी बारीक दात्यांचा छोटा डायनासोर) मी बाद केला. ट्रूडॉन्टिड या छोट्या, पक्ष्यांसारख्या डायनासोरांच्या गटाचे दाते याहून बरेच मोठे व आकड्यासारखे असतात, म्हणून तोही बाद.

उरतात दोन शक्यता: ड्रोमिओसॉरिड कुळातला (व्हेलोसिरॅप्टरचे कूळ), २०१३ मध्ये नाव मिळालेला अ‍ॅकेरोरॅप्टर, किंवा एखाद्या टायरॅनोसॉरिडचे (टी. रेक्सच्या कुळातल्या डायनासोरचे) पिल्लू. पायथ्याचा आडवा छेद अरुंद लंबगोल आहे, टायरॅनोसॉरिडसारखा आयताकृती नाही, त्यामुळे माझा कल पहिल्याकडे आहे. मात्र त्याच्या दातांवर अपेक्षित असलेले उभे कंगोरे येथे झिजेमुळे अंधुक दिसतात. मोजपट्टीसह सर्व बाजूंची छायाचित्रे देऊ शकेन, पण दात कापणे किंवा आम्लाने साफ करणे मला मान्य नाही.

कंगोरे स्पष्ट नसताना दात्यांचे प्रमाण आणि छेद एवढ्यावरून अ‍ॅकेरोरॅप्टर म्हणता येईल, की ‘ड्रोमिओसॉरिड’ या कुळापाशीच थांबणे योग्य ठरेल?