मदत हवी आहे: सोडियम वाहिन्या कमी, तरी आकडी जास्त? (ड्रावे सिंड्रोम)

प्रश्न (माहितीपत्रक): ड्रावेमध्ये (तान्हेपणी सुरू होणारा गंभीर अपस्मार) बहुतेकदा एससीएन१ए जनुकाची एक प्रत निकामी असते, म्हणून पेशीत सोडियम आत सोडणाऱ्या वाहिन्या कमी पडतात. सोडियम आत शिरला की चेतापेशी संदेश सोडते. मग वाहिन्या कमी असताना मेंदू शांत राहायला हवा ना? आणि कार्बामाझेपिन या आकडीवरच्याच औषधाने आकडी उलट वाढते, ती का? पालकांच्या पत्रकात हे कसं लिहावं?

चेतातंतू: घोळ ‘चेतापेशी’ सरसकट धरल्याचा आहे. या जनुकाची वाहिनी, एनएव्ही १.१, मुख्यतः दाबून धरणाऱ्या पेशींच्या कामाची. त्या सेकंदाला शेकडो संदेश सोडू शकतात आणि गाबा हे शांत करणारं रसायन ओततात. गाबामुळे क्लोराइड आत येतो, पुढची पेशी गप्प बसते. उद्दीपक पेशींची भिस्त एनएव्ही १.२ आणि १.६ या वाहिन्यांवर, त्यांचं काही बिघडलेलं नसतं. म्हणजे दंगा तेवढाच, आवरणारेच थकलेले. कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन वाहिन्यांचे प्रकार फारसे पाहत नाहीत. भराभर उघडणाऱ्या वाहिन्या आधी अडवतात. फटका आधीच दुबळ्या पेशींना.

पण ‘सोडियमवाली औषधं वाईट’ असं छापू नका. एससीएन८ए (१.६ वाहिनीचं जनुक) अतिसक्रिय असेल तर हीच औषधं कामी येतात.

रात्रपाळी: ताप आणि गरम पाण्याची अंघोळ यांनी आकडी चाळवते हे पत्रकात हवंच; पहिली आकडी बहुधा वर्षाच्या आत, तापात, लांबलेली, कधी अंगाच्या एकाच बाजूला. नेहमीची औषधं व्हॅल्प्रोएट, क्लोबाझाम. स्टिरिपेंटॉल जोडलं की क्लोबाझामपासून शरीरात बनणारा घटक रक्तात साठतो, मूल पेंगतं. तेव्हा पालक परस्पर गोळी बंद करतात आणि आकडी उसळते. डोस डॉक्टरांनीच उतरवायचा. टाळायच्या औषधांची चिठ्ठी फाइलच्या पहिल्या पानावर लावा, कारण इमर्जन्सीत फेनिटॉइन सवयीने लावलं जातं.

माहितीपत्रक: आणि चालू आकडी थांबवायचा नाकातला मिडाझोलामचा फवारा?

रात्रपाळी: आकडी ५ मिनिटांवर गेली की. साधारण ०.२ मिग्रॅ प्रति किलो, म्हणजे १२ किलोच्या मुलाला २.४. गफलत इथेच: एका दाबात ०.५ मिग्रॅ देणारी बाटली असते, १.२५ देणारीही. पहिलीचे ५ दाब, दुसरीचे २. बाटली बदलली आणि दाब तेवढेच ठेवले तर डोस अडीचपट होतो किंवा पार अपुरा पडतो. पत्रकात दाबांच्या आकड्यासाठी जागा कोरी ठेवा. डॉक्टर बाटली बघून भरतील. नवी बाटली आधी हवेत दाबून फवारा सुरू करून ठेवायची, मूल कुशीवर. थांबलं नाही तर दुसरा डोस घरी न देता १०८.

माहितीपत्रक: दाबांचा रकाना घालतो.