ताबूत थंडे झाले

हिंदी बातमीत 'ताबूत में आखिरी कील' असं वाचलं आणि अडखळलो. आमच्याकडे ताबूत म्हणजे मोहरमात निघणारा बांबू-कागदाचा उंच डोलारा, त्याला खिळा कुठं मारणार? शिवाय घरातलं भांडण मिटलं की आजी म्हणायची, "झाले एकदाचे ताबूत थंडे!" हा एकच शब्द की दोन?

प्रतिसाद : एकच. अरबीत ताबूत म्हणजे पेटी. कुराणात बाळ मूसाला ज्या पेटीतून पाण्यात सोडलं तीही ताबूतच. पुढे प्रेताची पेटी हा अर्थ बळावला आणि हिंदीत तोच मुख्य राहिला. कारगिलनंतर हिंदी पत्रांत 'ताबूत घोटाला' गाजला, तेव्हा मराठी पत्रं 'शवपेट्यांचा घोटाळा' लिहीत होती. ताबूत लिहिलं असतं तर निम्म्या सांगली-साताऱ्याला वाटलं असतं, डोल्याच्या, म्हणजे ताबुताच्या, वर्गणीतच कुणी हात मारला!

इ.स. ६८० मध्ये इराकातल्या करबलात प्रेषित मुहंमदांचे नातू इमाम हुसेन मारले गेले. त्यांच्या कबरीची प्रतिकृती म्हणजे ताजिया, आणि त्यालाच आपण ताबूत म्हणतो. गंमत अशी की खुद्द इराणात 'ताजिये' म्हणजे करबलाचा प्रसंग उभा करणारं नाट्य. मूळ अर्थ सांत्वन, दुखवटा.

'थंडे' म्हणजे विसर्जन. उर्दूतही ताजिये ठंडे करतात. बुडवले, मोडले असं तोंडातून काढायचं नाही. आपण नाही का बांगडी फुटली की 'वाढली' म्हणत? तुमच्या आजीचा वाक्प्रचार तिथूनच आला : दहा दिवसांची धामधूम, ताशे, गर्दी, आणि मग एकदम सामसूम. त्यात शोक उरलेला नाही, गलबला संपल्याचा सुस्कारा आहे.

प्रतिसाद : आमच्या भागात तर शोक कधी जाणवलाच नाही. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे ताबूत बघायला गाडी करून जायचं, ते कळसाकडून खाली बांधत येतात म्हणून तोंडात बोटं घालायची, चोंगे खायचे. पंजे, म्हणजे मोहरमात पुजले जाणारे धातूचे हात, हिंदू घरांतही बसतात, नवसाला फकीर होतात. बहुतेक मुसलमान शेजारी सुन्नी. तेही 'मोहरमचा सण' असंच म्हणायचे.

प्रतिसाद : मी शिया, मुंबईचा. मोहरम हे महिन्याचं नाव, सणाचं नव्हे. दरवर्षी कुणी तरी प्रेमानं 'मोहरमच्या शुभेच्छा' पाठवतं, मी प्रेमानं 'धन्यवाद' लिहितो. काय सांगणार? आमच्याकडे त्या दहा दिवसांत लग्नं नाहीत, नवे कपडे नाहीत, फक्त मजलिस (शोकसभा) आणि नोहे (शोकगीतं).

दुसरा शब्द मातम. 'पराभवानंतर गोटात मातम' असं हल्ली मराठीतही छापतात, हिंदीची कृपा. आमच्यासाठी मातम ही कृती आहे : छातीवर हात मारणं, काही जणांत साखळ्यांनी पाठ रक्तबंबाळ करणं. १९९४ मध्ये इराणच्या खामेनेईंनी तलवारीनं डोकं फोडून घेण्याविरुद्ध फतवा दिला. बरेच ऐकतात, बरेच नाहीत. आता आशुऱ्याला, म्हणजे मोहरमच्या दहाव्या दिवशी, रक्तदानाची शिबिरंही लागतात. माझा धाकटा भाऊ बाटली भरून येतो आणि म्हणतो, "झालं माझं मातम." वडिलांना ते मातम वाटत नाही. शब्द एक, घर एक, अर्थ दोन.

प्रतिसाद : ताबूत समुद्रापलीकडेही गेलाय. सुमात्रात इंग्रजांच्या फौजेतल्या हिंदुस्थानी शिपायांबरोबर पोचला. बेंकुलूत 'ताबोत', पारियामानमध्ये 'ताबुइक', तो समुद्रात सोडतात. कॅरिबियनमधल्या त्रिनिदादला गिरमिटियांनी, म्हणजे करारावर नेलेल्या हिंदुस्थानी मजुरांनी, नेला, तिथं हुसेनचं 'होसे' झालं आणि डोल्याला 'ताजा' म्हणू लागले. मिरवणुकीत हिंदू आणि आफ्रिकी वंशाचे मजूरही असत. ३० ऑक्टोबर १८८४ ला बंदी मोडून ते सान फर्नांडोत शिरू लागले तेव्हा पोलिसांनी गोळ्या घातल्या, डझनावर माणसं मेली. एरवी मृत्यू विसरलेल्या शब्दाला त्या दिवशी तो परत मिळाला.

आणि इकडे हिंदुस्थानात गोऱ्या सोजिरांनी मोहरमच्या मिरवणुकीतल्या 'या हसन, या हुसेन'चं 'हॉब्सन-जॉब्सन' केलं. १८८६ साली ते एका जाड शब्दकोशाचं नाव झालं.

प्रश्नकर्ता : आजीचा वाक्प्रचार आता शिया मित्रासमोर वापरू की नको?

प्रतिसाद : वापरा हो. फक्त शुभेच्छा नका पाठवू.