शब्द हवाय: जीवनसत्त्वाच्या वाईटावर असलेल्याला मराठीत काय म्हणायचं?

वाईची_सून:
मंडळी, एक शब्द अडलाय. भाची पुण्यात एका लॅबमध्ये ब जीवनसत्त्वांवर काम करते, आणि तिच्या कामावर मराठीत लेख लिहायचं मी उत्साहाच्या भरात कबूल करून बसले. आता ती फोनवर सारखं 'अँटॅगनिस्ट, अँटॅगनिस्ट' करते, म्हणजे जीवनसत्त्वाचं काम अडवणारा पदार्थ, आणि मी वहीत विरोधक, शत्रू, मारक असं लिहिते नि खोडते. विरोधक म्हटलं की मला समोरच्या बाकांवर बसून आरडाओरडा करणारे दिसतात आणि हे तसलं प्रकरण नाही असं ती म्हणते. 'प्रतिजीवनसत्त्व' सुचवून बघितलं तर घरातले म्हणाले हे प्रतिजैविकाचं चुलत भावंड वाटतंय, लोक अँटिबायोटिकच समजतील.

यात घरचाच एक पेशंट पण आहे. मावशीला संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू आहे, आठवड्यातून एकच दिवस, आणि वेगळ्या दिवशी फॉलिक ॲसिडची (हेही ब जीवनसत्त्वच) गोळी. भाचीने हौसेने सांगितलं की पहिली गोळी फॉलिकच्या विरोधी असते. झालं, तेव्हापासून मावशीचं एकच, की एक गोळी दुसरीला मारते तर दोन्ही गिळायच्या कशाला, डॉक्टरचं डोकं फिरलंय का. मला काही सांगता येईना.

अजून एक, डेफिशियन्सीला अभाव म्हणू की कमतरता? शाळेत अभावजन्य रोग होतं, पेपरात कमतरता असते.

पेट्रीडिश:
सूनबाई, घोळ 'विरोधी' या शब्दानेच झालाय. मेथोट्रेक्सेट फॉलिकशी भांडत नाही हो, ते फॉलिकसारखं दिसतं. दोघांचं रेणूचं चित्र शेजारी ठेवा, एका जागी ऑक्सिजन होता तिथे अमिनो गट आलाय आणि दुसरीकडे एक मिथाइल चिकटलाय, बाकी जुळे भाऊ. पेशीत एक विकर असतं (एन्झाइम म्हणा, विकर म्हटलं की लोक दचकतात), ते फॉलिकला कामाचं रूप देतं. ते या भामट्याला फॉलिक समजून जवळ घेतं आणि खऱ्यापेक्षा हजारपटीहून घट्ट धरून बसतं. मग डीएनएचा कच्चा माल बनेना, ज्या पेशी भराभर वाढतात त्यांची आधी पंचाईत. कॅन्सरमध्ये नेमकं तेच हवं असतं. संधिवातात डोस अगदी कमी असतो आणि सांध्याला आराम बराचसा वेगळ्याच वाटेने मिळतो असं मानतात, म्हणून फॉलिक दिलं की तोंड येणं, मळमळ वगैरे कमी होतं आणि गुण मात्र टिकतो. मावशींना सांगा डॉक्टर शहाणा आहे. आणि ती गोळी आठवड्यातून एकदाच म्हणजे एकदाच, चुकून रोज घेतली तर जिवावर बेततं.

मी लॅबमध्ये याला सरळ तोतया म्हणतो. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया आला, कोकणातले काही किल्लेसुद्धा त्याच्या हाती गेले होते. भाऊसाहेबांशी लढून नव्हे, भाऊसाहेब म्हणून. अगदी तीच ट्रिक.

जुनी_पाटी:
तोतया छान आहे, पण प्रतिजीवनसत्त्वाला इतक्या लवकर घालवू नका. 'प्रति'ला नुसतं 'अँटी' समजलं म्हणून तो शब्द पडेल वाटतोय. मराठीत प्रतिपंढरपूर म्हणजे पंढरपूरच्या विरोधातलं गाव का? नाही, हुबेहूब दुसरं पंढरपूर. प्रतिमा, प्रतिकृती, विश्वामित्राची प्रतिसृष्टी, सगळीकडे नक्कल. आणि प्रतिकार, प्रतिवादी, प्रतिपक्ष इथे विरोध. आता दोन्ही अर्थ एकत्र बघायचे तर तुमच्या साताऱ्याचंच उदाहरण आहे, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार. ते इंग्रज सरकारच्या विरोधात होतं आणि सरकारसारखंच होतं, न्यायनिवाडे करायचं, म्हणजे त्याच खुर्चीत दुसरा बसला. पम्पाचं नाव पेट्रोल पंप म्हणून पाण्याला जाऊ नये तसं अँटी दिसलं की लगेच विरोधी करू नये. इंग्रजीत 'अँटी' म्हटलं की आधी विरोधच दिसतो, आपल्या 'प्रति'त नक्कलही आहे, मूळ शब्दापेक्षा आपला सरस.

वाईची_सून:
अय्या, हे डोक्यातच आलं नव्हतं! प्रतिसरकार मावशीला पटकन कळेल, तिचे सासरे त्यातले. (पंपाचं उदाहरण मात्र मला कळलं नाही.)

जुनी_पाटी:
मलाही आता कळत नाहीये, सोडा ते.

कोंबडीवाला_पारनेर:
आमी पण हे वापरतो की राव, नाव म्हाईत नव्हतं एवढंच. पिल्लांना रक्ती हगवण लागली की पाण्यातनं अँप्रोलियम देतो. डॉक्टर म्हणले ते ब१ सारखं दिसतं, आतड्यातला जंतू ब१ समजून तेच घेतो न उपाशी मरतो, कोंबडीला तेवढा त्रास नाही कारण जंतूला ते लई जोरात लागू पडतं. पण जास्त दिवस जास्त डोस झाला तर पिल्लं मान मागं टाकून आभाळाकडं बघत बसतात. आणि दुकानदार सांगतो त्या दिवसांत बी कॉम्प्लेक्स पाजू नका, औषध फुकट जाईल. शेजारच्याने दोन्ही एकाच ड्रममध्ये कालवलं होतं, पैसे पण गेले पिल्लं पण गेली.

पेट्रीडिश:
पारनेरकर एक नंबर! मान मागे टाकणं हीच ब१ गेल्याची खूण, आणि हा सगळा विषय सुरूच कोंबड्यांपासून झाला. बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, १८९० च्या सुमारास आइकमन नावाचा डच डॉक्टर बेरीबेरीचा (हातपाय लुळे पडण्याच्या आजाराचा) जंतू शोधत होता. त्याच्या कोंबड्या लुळ्या पडल्या आणि काही दिवसांनी आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी केली तर कळलं, मधले काही महिने त्यांना मिलिटरी हॉस्पिटलचा उरलेला पांढरा भात मिळत होता, मग नवा आचारी आला आणि सिव्हिलियन कोंबड्यांना मिलिटरीचा तांदूळ मिळणार नाही म्हणाला, मग पुन्हा कोंड्यासकटचा तांदूळ सुरू झाला. नियमावर बोट ठेवणाऱ्या आचाऱ्याने विज्ञानाचं एवढं भलं दुसरं केलेलं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

जुनी_पाटी:
आणि यात शब्दाचीच गंमत आहे बघा. आइकमनला आधी वाटलं पांढऱ्या तांदळात विष आहे आणि कोंड्यात त्याचा उतारा. म्हणजे त्याच्या डोक्यात शब्द होते विष आणि उतारा. १९०१ मध्ये त्याचंच काम पुढे नेणारा ग्राइन्स म्हणाला, विष बिष काही नाही, कोंड्यात काहीतरी आहे जे भातात नाही. 'आहे'ची गोष्ट 'नाही'ची झाली. काहीतरी नसल्यामुळे आजार होतो हे तेव्हा कुणाच्या गळी उतरत नव्हतं, जंतूंचा जमाना होता. आपल्याकडे वैशेषिक तत्त्वज्ञांनी तर अभाव हा वेगळा पदार्थच मानला, घट नाही हेही एक ज्ञान.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर, दोन्ही शब्द ठेवा पण जागा ठरवून. प्रयोगातल्या उंदराच्या खाण्यात ब१ चा अभाव असतो, उंदराला ब१ ची कमतरता होते. अभाव ताटात, कमतरता अंगात.

पेट्रीडिश:
हे जबरी आहे, चोरणार. फक्त ताटात अभाव आणणं वाटतं तेवढं सोपं नाही. उंदीर स्वतःच्या लेंड्या खातात आणि आतड्यातल्या जंतूंनी बनवलेली ब जीवनसत्त्वं तिथून परत मिळवतात, म्हणून पिंजऱ्याला जाळीचा तळ ठेवतात, लेंड्या खाली पडाव्यात म्हणून. आणि ब१ कमी झालं की उंदराची भूकच मरते. मग तो रोडावला तो ब१ नाही म्हणून की जेवलाच नाही म्हणून? यासाठी दुसऱ्या उंदराला सगळं पौष्टिक देतात पण पहिल्याने काल जेवढं खाल्लं तेवढंच मोजून. त्याला मी जोडजेवण म्हणतो, कुणाकडे बरा शब्द असेल तर द्या. तोतया वापरला तर हा खटाटोप थोडा वाचतो, चांगलं खायला देऊनही कमतरता आणता येते. म्हणजे तुमच्या भाषेत ताटात अभाव नाही पण अंगात कमतरता आहे.

ठाणेकर:
विषयांतर करतो पण जीवनसत्त्वांची मराठी अक्षरं कुणी ठरवली? सी चं 'क' केलं आणि मग के आल्यावर त्याला 'के'च ठेवलं. आमच्या आईला डॉक्टरांनी के सांगितलं तर ती आठवडाभर लिंबू सरबत पीत होती.

वाईची_सून:
ठाणेकर 😂 पण थांबा, भाची मागून ओरडतेय की प्रतिजीवनसत्त्व सगळ्यांना चालणार नाही. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागात ॲव्हिडिन असतं, ते बायोटिन (हेही एक ब जीवनसत्त्व) पकडून ठेवतं, म्हणून नुसत्या कच्च्या पांढऱ्यावर ठेवलेल्या उंदरांची कातडी खराब होते, केस जातात. पण ॲव्हिडिन हे चांगलं मोठं प्रथिन, ते बायोटिनसारखं अजिबात दिसत नाही. मग ते प्रति कसं?

पेट्रीडिश:
बरोबर आहे तिचं, तो तोतया नाही, तो पळवून नेणारा. एक ॲव्हिडिन चार बायोटिन बगलेत मारतं आणि सोडतच नाही. नावसुद्धा त्यावरूनच, हावरट या अर्थाचा शब्द आहे त्यात. शिजवलं की खलास, त्यामुळे ऑम्लेटवाल्यांनी घाबरायचं कारण नाही. टीबीचं आयसोनियाझिड पण काहीसं तसंच, ब६ ला चिकटून त्याला निकामी करतं, मग हातापायाला मुंग्या, म्हणून बरोबर ब६ ची गोळी देतात. आणि तिसरी जात म्हणजे फोडणारे. काही कच्च्या माशांत असं विकर असतं की ते ब१ चे दोन तुकडेच करतं, पाळलेल्या कोल्ह्यांना कच्चे मासे घालून घालून लकवा झाल्याची प्रसिद्ध केस आहे.

जुनी_पाटी:
मग झालं की, लेखात तीन शब्द वापरा. तोतया, पळव्या, फोड्या. शास्त्रीय हवं असेल तर पहिल्यासाठी प्रतिजीवनसत्त्व आणि तिघांना मिळून जीवनसत्त्वरोधक. इंग्रजीत एकच शब्द आहे म्हणून आपणही एकातच कोंबायचं असं कुठे आहे. (आणि सत्त्वाला दोन त, वर दोघा-तिघांनी हातात पेन असतं तर एकच लिहिला असता अशी मला शंका आहे.)

ठाणेकर:
फॉलिकवरून आठवलं, त्याचा शोध मुंबईशी जोडलेला आहे ना?

पेट्रीडिश:
हो तर. ल्युसी विल्स नावाच्या इंग्लिश बाई १९२८ मध्ये मुंबईत आल्या, गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या ॲनिमियाचा शोध घ्यायला. रक्तातल्या तांबड्या पेशी मोठ्या मोठ्या पण संख्येने कमी. स्वस्तातलं मार्माइट, म्हणजे यीस्टचा काळा खारट लगदा, दिलं तर बायका सुधारल्या. त्यात काय आहे ते माहीत नव्हतं म्हणून बरीच वर्षं नुसतं 'विल्स फॅक्टर' म्हणत. पुढे १९४१ मध्ये पालकातून तो पदार्थ काढला आणि लॅटिन पानावरून फॉलिक नाव दिलं. तोतयाचा धागा पण भारतीयच, भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. अमेरिकेत त्यांच्या टीमने आधी खरं फॉलिक बनवलं, मग त्याचे तोतये बनवून बोस्टनला सिडनी फार्बरना पाठवले. रक्ताच्या कॅन्सरच्या १६ मुलांना दिलं, १० जणांचा आजार काही काळ मागे हटला. १९४८ ची गोष्ट, त्याच वर्षी सुब्बाराव गेले. मावशींची गोळी त्याच घराण्यातली.

वाईची_सून:
हे सगळं मावशीला वाचून दाखवलं. प्रतिसरकार म्हटल्यावर ती सासऱ्यांच्या आठवणींत तासभर गेली आणि गोळ्यांचं राहूनच गेलं, पण संध्याकाळी बघते तर दोन्ही डब्यांवर चिकटपट्टी लावून पेनने लिहिलंय. एकीवर 'खरा' आणि दुसरीवर 'तोतया, फक्त सोमवार'.