यंत्र दिसत नाही, की फाईल जात नाही? ॲप बदलण्याआधी एवढे ठरवा

धागालेखक

फोनमधील फाईल वायफायवरून संगणकावर जात नसली की लोक आधी ॲप बदलतात, तेही चालले नाही की तिसरे उतरवून घेतात, आणि शेवटी वैतागून संगणकाची फायरवॉलच, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी सुरक्षा, बंद करतात, जी पुन्हा सुरू करायची आठवण सहसा कोणाला राहत नाही. माझे मत असे आहे की या खटाटोपात दोष बहुधा ॲपचा नसतोच. तो नेटवर्कच्या मांडणीत असतो. ‘शेअरिंग चालत नाही’ या एकाच वाक्यात आपण दोन निराळ्या तक्रारी कोंबतो. समोरचे यंत्र यादीत दिसत नाही ही एक, आणि दिसूनही फाईल पोहोचत नाही ही दुसरी.

यंत्र शोधण्यासाठी ॲप नेटवर्कवर सर्वांना उद्देशून हाळी देते. एमडीएनएस ही त्यासाठीची एक रूढ पद्धत असून तिची हाळी २२४.०.०.२५१ या पत्त्यावर, यूडीपी या संदेश पाठवण्याच्या पद्धतीच्या ५३५३ क्रमांकाच्या पोर्टवर (म्हणजे दारावर) जाते. राऊटरवर ‘एपी आयसोलेशन’ (जोडलेल्या यंत्रांना एकमेकांपासून वेगळे ठेवणारी सोय) चालू असेल किंवा फोन पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या गेस्ट नेटवर्कला जोडलेला असेल, तर ही हाळी राऊटरच अडवतो, आणि ते त्याने मुद्दामच करायचे असते. इंटरनेट दोन्हीकडे सुरळीत चालत असल्यामुळे त्याच्यावर संशय मात्र कोणी घेत नाही.

म्हणून माझा क्रम असा आहे. संगणकाचा आयपी पत्ता (नेटवर्कवरील त्याचा क्रमांक) पाहून तो ॲपमध्ये हाताने भरावा. लोकलसेंड या फाईल पाठवण्याच्या ॲपमध्ये तशी सोय आहे. जोडणी झाली, तर बिघाड फक्त शोधण्यात आहे. न झाल्यास फोनचा हॉटस्पॉट सुरू करून संगणक त्याला जोडावा. तिथे फाईल गेली तर संशय राऊटरवर, तिथेही अडली तर संगणकाच्या फायरवॉलवर. विंडोजमध्ये घरचे नेटवर्क ‘पब्लिक’ म्हणून नोंदलेले असेल, तर ते ‘प्रायव्हेट’ केल्यावर बरेचदा काम भागते, आणि फायरवॉल पूर्ण बंद करावी लागत नाही. (हॉटस्पॉटवर असताना संगणकाची अपडेट्स मोबाइल डेटा गिळू शकतात, एवढे ध्यानात असू द्यावे.)

प्रतिसाद १

निदान पटले, निष्कर्ष मात्र मान्य नाही. एक छायाचित्र पाठवण्यासाठी माणसाने पोर्टचे क्रमांक का शिकावेत? ॲपलने २०११ मध्ये मॅकवर एअरड्रॉप ही फाईल पाठवण्याची सोय आणली तेव्हाच दिसून आले होते की दोन यंत्रे राऊटरवाचून थेट वायफायने जोडता येतात. पुढे तीच सोय फोनवर आली तेव्हा जवळचे यंत्र हुडकण्याचे काम ब्लूटूथकडे गेले. इतकी वर्षे लोटूनही एखादे ॲप राऊटरच्या मर्जीवर विसंबून राहत असेल, तर तो दोष त्या ॲपच्या घडणीचाच म्हटला पाहिजे. तोवर मी आपली यूएसबी केबल वापरीन.

प्रतिसाद २

केबलचे एवढे कौतुक नको. घरातल्या कित्येक केबली फक्त चार्जिंगपुरत्या असतात, त्यांतून डेटा जातच नाही. आणि योग्य केबल असली तरी अँड्रॉइड फोन आधी केवळ चार्ज होत राहतो, त्यावर ‘फाईल ट्रान्सफर’ निवडेपर्यंत संगणकाला आत काहीच दिसत नाही. म्हणजे ‘दिसत नाही’ ही तक्रार तारेलाही चुकलेली नाही.

एअरड्रॉपही वाटते तितके बिनबोभाट नाही. आयफोनवर ‘एव्हरीवन’ हा पर्याय दहा मिनिटांनी आपोआप मिटतो, आणि अकराव्या मिनिटाला पाठवणारा अनोळखी माणूस रिकाम्या यादीकडे पाहत बसतो. अँड्रॉइडवरची तशीच सोय, गूगलची २०२० मधील निअरबाय शेअर, २०२४ मध्ये सॅमसंगच्या क्विक शेअरमध्ये विलीन झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये गूगलच्या पिक्सेल १० फोनवरून एअरड्रॉपशी देवाणघेवाण सुरू झाली खरी, पण तिथेही आयफोनवर तोच दहा मिनिटांचा पर्याय उघडावा लागतो. राऊटर वगळला, तरी कोणाला दिसायचे आणि कोणाला नाही हा प्रश्न वगळता येत नाही.

प्रतिसाद ३

माझी तक्रार उलट दिशेची आहे. माझ्या जुन्या फोनमधील फाईल मॅनेजर फक्त एसएमबीची, म्हणजे नेटवर्कवरून फोल्डर शेअर करण्याच्या विंडोजच्या पद्धतीची, पहिली आवृत्ती जाणतो. विंडोजने ती काढून टाकल्याने शेअर केलेला फोल्डर एका अपडेटनंतर उघडेनासा झाला. मी ती ‘विंडोज फीचर्स’मधून पुन्हा चालू केली आणि सगळे जागेवर आले. घरच्या चार भिंतींतल्या नेटवर्कवर एवढी कडेकोट व्यवस्था कशाला हवी, हे मला खरोखर कळत नाही.

प्रतिसाद २

मे २०१७ मधील वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच आवृत्तीतील त्रुटीवर पसरला होता, आणि एका संगणकात शिरल्यावर तो त्याच नेटवर्कवरील इतर संगणक स्वतःच शोधत होता. ऑक्टोबर २०१७ च्या विंडोज १० पासून ही आवृत्ती मुळात बसवलेली नसते, ती उगाच नव्हे. चार भिंतींच्या आत बाहेरून आलेला एक लॅपटॉप जोडला गेला की त्या भिंतींना अर्थ उरत नाही. फाईल मॅनेजर बदलावा. इथे ॲप बदलणे हाच खरा उपाय आहे, धागालेखकांना आवडो वा न आवडो.

प्रतिसाद ४

धागालेखकांच्या दोन्ही कप्प्यांत न बसणारा एक अनुभव सांगतो. ५.२ जीबीचे एक चित्रीकरण मी संगणकावरून फोनच्या मेमरी कार्डावर पाठवत होतो आणि ते दर वेळी ७७ टक्क्यांच्या आसपास थांबत होते. मी राऊटर बदलला, हॉटस्पॉट करून पाहिला, फोन आणि संगणक शेजारी शेजारी ठेवले, आकडा हलेना. दर वेळी तोच आकडा येतो याचाच विचार आधी करायला हवा होता. ५.२ चे ७७ टक्के म्हणजे ४. कार्ड एफएटी३२ या फाईल साठवण्याच्या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेले होते, आणि त्या पद्धतीत एक फाईल ४ जीबीपर्यंत पोहोचूच शकत नाही. तीच फाईल फोनच्या अंतर्गत मेमरीत पहिल्याच खेपेला गेली. दोष ना ॲपचा, ना नेटवर्कचा.

धागालेखक

प्रतिसाद ४ मधला मुद्दा बिनतोड आहे, आणि एसएमबीच्या बाबतीत ॲप बदलणेच योग्य, हेही मान्य. प्रतिसाद १ शी मात्र माझे मतभेद कायम आहेत, कारण थेट जोडणी अडते तेव्हा वापरणाऱ्याला तपासायला काही हाताशीच उरत नाही. कधी ती गुपचूप ब्लूटूथवरच अडकते, जिथे प्रत्यक्षात सेकंदाला दोनेक मेगाबिट मिळतात आणि एक जीबीला तासाहून अधिक लागतो. पडद्यावर दिसते ते फक्त ‘पाठवत आहे’. राऊटरमार्गे निदान कारण शोधता येते. फोन आणि संगणक दोन्ही एकाच चॅनेलच्या वायफायवर असतील, तर प्रत्येक बिट हवेतून दोनदा जातो, आधी राऊटरकडे आणि मग तिथून पुढे, त्यामुळे वेग साधारण निम्मा पडतो. मी संगणक लॅन केबलने राऊटरला जोडून ठेवला आहे, फोन वायफायवरच असतो. प्रतिसाद १ ला हवी असलेली केबल माझ्याकडेही आहे, फक्त ती दुसऱ्या टोकाला लावलेली आहे.