रविवारी धबधबा: कोण कोण येतंय?

ए-१०३: मंडळी, ठोसेघर की वजराई, आज काय ते ठरवा. गेल्या वर्षी ठरवता ठरवता पावसाळा संपला होता.

सी-३०२: ठोसेघरच. गाडी लावायची, पायऱ्या उतरायच्या, गॅलरीतून बघायचं, गरम भजी खायची. विषय संपला.

बी-२०४: काका, त्याला बघणं म्हणतात, चालणं न्हाय. पोरांना जरा रानातनं न्यायचंय. वजराईला जाऊ. यवतेश्वर घाट चढून कासवरनं भांबवली, साताऱ्यापासनं तीसएक किलोमीटर. गाडी लावली की पुढं झाडीतली वाट. ५६० मीटरचा धबधबा, तीन टप्प्यांत पडतो. उरमोडी नदी तिथंच उगम पावते.

ए-४०१: मला झेपेल का रे? सज्जनगड चढते मी अजून, पण दम खात खात.

बी-२०४: काकू, सोपी आहे, पण सपाट नाही. चढउतार आहे आणि दगड शेवाळलेले असतात. मागच्या वेळी लहानगी घेऊन आम्हाला पाऊण तास लागला होता. काठी घ्या, बूट घाला. तेव्हा आमचे भावोजी चपलेवर आले होते. त्यांची डावी चप्पल अजून तिथल्या ओढ्यातच आहे.

सी-१०१: कासची फुलं पण होतील ना एका दगडात?

ए-१०३: वहिनी, फुलं ऑगस्टअखेरीपासून. आत्ता नुसतं गवत नि धुकं. आणि २०१२ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव लागल्यापासनं फुलांच्या दिवसांत रविवारी तिकडं गाड्यांची ही रांग. ते वेगळं करू, मधल्या वारी.

सेक्रेटरी: सूचना. उद्या टाकी धुणार आहेत. सकाळी १० ते १ पाणी बंद राहील. सहकार्य करावे.

सी-३०२: सेक्रेटरीसाहेब, इथं पण पाण्याचंच चाललंय.

बी-३०३: जळवांचं काय? माझी लेक नुसतं नाव काढलं की किंचाळते.

बी-२०४: जळवा असणारच, ताई. मला मोज्याच्या काठावर काळा दोरा चिकटलाय असं वाटलं. बोट लावलं तर दोऱ्यानं मान वळवली! ओढून काढायची नाही. नखानं तोंडाकडनं हळूच सरकवायची, नाहीतर मीठ लावायचं, आपोआप सुटते. दुखत काही नाही. पण तिच्या लाळेनं रक्त गोठत नाही, म्हणून एवढ्याशा भोकातनं बराच वेळ वाहतं. बघून घाबरायचं नाही, धुवायचं नि दाबून धरायचं. खडेमीठाची पुरचुंडी काठीला बांधा, दिसली जळू की टेकवा.

सी-१०१: पोरांना पाण्यात उतरू देणार का?

बी-२०४: नाही. यावर चर्चा नको, वहिनी. कासचं पठार म्हणजे सगळा जांभा, वर वीतभर पण माती नाही. पडलेला पाऊस मुरत नाही, सरळ खाली येतो. आपल्याकडं ऊन असलं तरी वर सर आली की ओढा फुगतो. पाणी नितळ होतं ते गढूळ दिसायला लागलं, पालापाचोळा वाहून यायला लागला, की सेल्फी तशीच सोडून वर यायचं.

ए-१०३: आणि जास्त पाऊस असला की प्रशासन धबधबे बंद करतं. शनिवारी संध्याकाळी आदेश बघू. बंद असेल तर गुपचूप घरी पिठलं-भाकरी. आडवाटेनं कुणी शिरायचं नाही.

सी-३०२: बरं बाबा, वजराई. पण स्पीकर आणतो मी.

ए-४०१: स्पीकर आणलास तर तुला मिठाच्या पुरचुंडीनं टेकवीन.

सी-३०२: 😀 राहिला स्पीकर.

बी-३०३: निघायचं किती वाजता?

ए-१०३: साडेसहाला गेटवर. घाटात धुकं असतं, दिवे लावून हळू चालवा. दुपारी दोनच्या आत परत गाडीपाशी, गर्दी त्यानंतर उसळते. डबे स्टीलचे आणा. कासच्या तलावाचं पाणी आपल्याच गावाच्या नळांना येतं, तिकडं वेफर्सची पाकिटं टाकून यायचं नाही.

सी-१०१: आमचे चार. थालीपीठं मी करते.

बी-३०३: तीन. लेकीला अजून जळवांचं सांगितलेलं नाही.

ए-४०१: मी एक. जमेल तिथवर येते, नाहीतर खालीच टपरीवर बसून तुमच्या पिशव्या राखते.

बी-२०४: काकू, तुम्ही पुढं असणार, बघा. खडेमीठ कुणाकडं आहे?

ए-४०१: माझ्याकडं. लोणच्याचं उरलेलं अख्खी बरणीभर आहे, शनिवारी येऊन घेऊन जा.