मदत हवी आहे: स्कॅनरवर अग्निशमन दलाचे संभाषण ऐकू येत नाही

डोंगरपायथा: नमस्कार. नव्या स्कॅनरवर (रेडिओवरची संभाषणे ऐकण्याच्या यंत्रावर) वैमानिकांचे बोलणे स्वच्छ ऐकू येते, परंतु ज्यासाठी तो घेतला त्या अग्निशमन दलाचा एक शब्दही ऐकू येत नाही. आमच्या शहराची वारंवारता भरू गेल्यास यंत्र ती स्वीकारतच नाही. वणव्यांचा हंगाम तोंडावर आहे आणि यंत्र परत करण्याची मुदतही संपत आली आहे, तेव्हा ते सदोष आहे किंवा कसे, एवढेच कृपया थेट सांगावे.

लहरी_माणूस: शहर कोणते, मॉडेल कोणते आणि कोणता आकडा स्वीकारला जात नाही, हे कळल्याशिवाय थेट काय सांगणार?

जुना_हॅम: यंत्र नंतर पाहता येईल, आधी हौशी रेडिओचा परवाना काढावा. न्यूयॉर्क राज्यात पोलिसांच्या वारंवारता ऐकणारे यंत्र मोटारीत ठेवण्यास वाहन कायद्याच्या कलम ३९७ ने मनाई आहे आणि परवानाधारक हॅमना (हौशी रेडिओचालकांना) त्यातून सूट आहे.

डोंगरपायथा: मी कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला राहतो आणि यंत्र घरातच राहणार आहे. मॉडेल युनिडेन बीसी१२५एटी. आकडा ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला आहे.

लहरी_माणूस: मग यंत्रात दोष नाही. बीसी१२५एटी ५१२ मेगाहर्ट्झच्या वर जात नाही आणि त्याला केवळ ॲनालॉग, म्हणजे जुन्या पद्धतीचे, डिजिटल नसलेले प्रक्षेपण कळते. वैमानिक अजूनही ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये ॲनालॉगवरच बोलतात, म्हणून ते ऐकू येतात. आपले शहर ईस्ट बेच्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेकडील भागाच्या, सामायिक पी२५ (आणीबाणी सेवांच्या डिजिटल रेडिओचे मानक) यंत्रणेवर आहे. तिच्यात दलाला ठरावीक वारंवारता नसते. कंट्रोल चॅनेल प्रत्येक संभाषणाला त्या क्षणी मोकळा असलेला चॅनेल नेमून देतो आणि स्कॅनरने त्या आज्ञा वाचत टॉकग्रुपचा (एका गटाच्या संभाषणाचा) माग काढायचा असतो.

मात्र यंत्र परत करण्याची घाई करू नये. डोंगरातला वणवा बहुतेक वेळा कॅल फायर या राज्याच्या अग्निशमन दलाकडे जातो आणि ते दल आजही १५१ मेगाहर्ट्झच्या आसपास ॲनालॉगवर बोलते. ऑगस्ट २०२० मध्ये विजांनी पेटलेल्या ज्या वणव्यांत सुमारे ३,९६,००० एकर जळाले, ते कॅल फायरच्या सांता क्लारा युनिटच्या हद्दीतले होते आणि आपल्या परगण्यातील डोंगरही त्याच युनिटकडे येतात. रेडिओ रेफरन्स या वारंवारतांच्या याद्या देणाऱ्या संकेतस्थळावरून त्या युनिटच्या वारंवारता घेऊन भराव्यात.

सातशे_डॉलर: अर्धवट उपाय कशाला? युनिडेनचा एसडीएस१०० हा डिजिटल स्कॅनर घ्यावा. अनेक मनोऱ्यांवरून एकाच वेळी तोच संदेश येतो, तेव्हा स्वस्त डिजिटल स्कॅनर गोंधळतात आणि शब्द तुटतात. हा तुटत नाही.

डोंगल_भक्त: तेवढ्या पैशांत वीस डोंगल (संगणकाला जोडायचे छोटे रेडिओ ग्राहक) येतील. आरटीएल-एसडीआर हा तसा एक डोंगल आणि एसडीआरट्रंक हे मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर माझे काम उत्तम चालते.

सातशे_डॉलर: वीज गेल्यावर लॅपटॉप किती तास चालवणार? कॅलिफोर्नियात वणव्याच्या भीतीने वीज कंपनीच वीज बंद करते, हे आपण विसरलात.

पुणेरी_श्रोता: हे यंत्र भारतात आणण्याचा विचार असल्यास सावध राहावे. १९३३ च्या बिनतारी कायद्यापासून आपल्याकडे परवान्याविना असे उपकरण बाळगता येत नाही.

डोंगरपायथा: भारतात आणण्याचा प्रश्नच नाही.

नागरिक_हक्क: पोलिसांचे काय? ऑक्टोबर २०२० मध्ये राज्याच्या न्याय विभागाने नागरिकांची खासगी माहिती उघड्या रेडिओवरून जाऊ देऊ नये असे परिपत्रक काढले आणि त्यानंतर अनेक पोलीस दलांनी सगळेच संभाषण कूटबद्ध केले. कूटबद्ध संभाषण एसडीएस१०० वरही ऐकू येत नाही, हे सातशे डॉलर खर्चण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

लहरी_माणूस: प्रश्न अग्निशमन दलाचा आहे. ज्या टॉकग्रुपपुढे कूटबद्धतेची खूण नसेल, तेच ऐकू येतील. खरेदीपूर्वी रेडिओ रेफरन्सच्या यादीत तेवढे पाहावे.

घरबसल्या: वॉच ड्यूटी हे ॲप २०२१ पासून आहे. त्यांचे लोक स्कॅनर ऐकूनच नकाशावर वणव्याच्या नोंदी करतात. आपण स्वतः रात्रभर जागायची काय गरज?

डोंगरपायथा: ॲप आहेच, पण त्यावर नोंद येईपर्यंत थांबायची माझी तयारी नाही. बीसी१२५एटी कॅल फायरसाठी ठेवतो. शहराच्या दलासाठी एक डोंगल पुरेल की दोन लागतील?

डोंगल_भक्त: एक डोंगल एका वेळी साधारण २.४ मेगाहर्ट्झचा पट्टा पाहतो. यादीत आपल्या भागातील साइटचा (मनोऱ्यांच्या गटाचा) सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा चॅनेल शोधून अंतर काढावे. ते याहून अधिक असल्यास दोन घ्यावेत. अँटेना मात्र ७०० मेगाहर्ट्झला चालणारी हवी, आणि ती खिडकीत कोणत्या दिशेला बसणार, हेही कळवावे.