एन-२ ची तयारी आणि पाळीची नोकरी: वेळ कसा बसवायचा?

पाळीवाला:
मंडळी, जपानात आइची प्रांतात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी, वर ओव्हरटाइम. जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेची एन-३ पातळी पास आहे, डिसेंबरात तिच्या वरची एन-२ द्यायची आहे. लाइनवर सगळ्यांशी जपानीतच बोलतो, त्यामुळे ऐकण्याची धास्ती नाही. पण सराव पेपरात शेवटचे दोन उतारे दरवेळी राहतात, आणि पाळी बदलली की अभ्यासाची घडी मोडते. आधी काय सुधारू?

नागोयाकर:
उतारे राहतात याचं मूळ बहुतेक वाचनाच्या आधीच आहे. एन-३ ला शब्दांचा पेपर वेगळा, ३० मिनिटांचा. वेळ संपली की तो हातातून जातो. एन-२ ला शब्द, व्याकरण आणि वाचन मिळून एकच १०५ मिनिटांचा पेपर. सुरुवातीला कितीही रेंगाळलात तरी कोणी थांबवत नाही. म्हणून घड्याळ लावून शब्द आणि व्याकरण ३० मिनिटांत उरकायचंच. वाचनाला ७० मिनिटं, शेवटची ५ उत्तरपत्रिकेला. शब्दाचा अर्थ वीस सेकंदांत आठवला नाही तर दोन मिनिटांतही आठवत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एक गोल काळा करा आणि पुढे सरका.

ताऱ्याचा प्रश्न (चार तुकडे जुळवून ताऱ्याच्या जागी कोणता येतो ते सांगायचं) डोक्यात सोडवू नका. चारही आकडे क्रमाने प्रश्नपत्रिकेवर लिहा, मगच गोल भरा. वाक्य बरोबर जुळवून भलत्याच जागेचा आकडा भरणारे पुष्कळ असतात.

वाचनातलं सगळ्यात शेवटचं पत्रक, म्हणजे भरतीची जाहिरात किंवा वर्गांचं वेळापत्रक, आधी सोडवा. प्रश्नातल्या माणसाच्या अटी (वय, वार, पैसे) अधोरेखित करायच्या, मग तक्त्याकडे वळायचं. तळाच्या बारीक टिपा वाचाच, अपवाद तिथे असतो. क्रम सोडून सोडवताना उत्तरपत्रिकेवरचा प्रश्नक्रमांक मात्र दोनदा बघा.

ऐकण्याबद्दल निर्धास्त राहू नका. लाइनवर विषय ओळखीचा असतो, हातवारे असतात, पुन्हा विचारता येतं. परीक्षेत ध्वनिफीत एकदाच वाजते, आणि काही प्रश्नांत पर्यायही छापलेले नसतात. पास व्हायला १८० पैकी ९० लागतात, शिवाय तिन्ही विभागांत ६० पैकी किमान १९. भाषाज्ञान (शब्द-व्याकरण) ४२, वाचन १७, ऐकणं ४० अशी ९९ ची बेरीज झाली तरी नापासच.

रात्रपाळी_हामामात्सु:
पाळीचं सांगतो. दोन्ही आठवड्यांना एकच वेळापत्रक लावायला गेलात तर ते टिकणार नाही. नवं व्याकरण आणि उतारे फक्त दिवसपाळीत. रात्रपाळीच्या आठवड्यात जुन्या शब्दांची उजळणी आणि ऐकणं, बस्स. आंकी (कार्डांनी शब्दांची उजळणी करवणारं अ‍ॅप) वापरत असाल तर त्या आठवड्यात नवीन कार्डं शून्यावर आणा. रोज वीस नवीन घेतली की थोड्याच दिवसांत उजळणीची दीडशेच्या आसपास साचतात, आणि झोप अपुरी असताना तीच आधी बुडतात. अभ्यास पाळीवरून आल्यावर नको, उठल्यावर, कामाला निघण्याआधी करा.

पूर्ण १०५ मिनिटांचा पेपर दोन आठवड्यांतून एकदा पुरे. दुसऱ्या दिवशी प्रत्येक चुकीपुढे लिहा: शब्द माहीत नव्हता, वाक्य उलटं समजलं, की वेळ संपला. तीन-चार पेपरांत आपलं दुखणं कळतं. नुसती उत्तरं तपासून पेपर मिटला तर तो पेपर वाया गेला.

कांजीवही:
मराठी माणसासाठी दोन गोष्टी. पहिली: जपानी शब्द देवनागरीत टिपू नका. आपला ‘ओ’ दीर्घच, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचा फरक वहीतच पुसला जातो. कामाच्या दौऱ्याला आपण ‘शुच्चो’ लिहून मोकळे होतो, आणि परीक्षेत शेवटी ‘उ’ असलेला आणि नसलेला असे दोन्ही पर्याय समोर येतात. कांजीच्या (जपानीतल्या चिनी अक्षरांच्या) उच्चाराच्या प्रश्नांत गुण असेच गळतात. हिरागानातच (जपानी उच्चारलिपीत) लिहा.

दुसरी: सकर्मक-अकर्मक जोड्या आपल्याला फुकट मिळाल्यात. ओतोसु-ओचिरु म्हणजे पाडणं-पडणं, वारु-वारेरु म्हणजे फोडणं-फुटणं, ओरु-ओरेरु म्हणजे तोडणं-तुटणं. इंग्रजीमार्गे पाठ करण्यात अर्थ नाही.

व्याकरणही एकेक न घेता गटाने घ्या. ‘वाके गा नाइ’ (शक्यच नाही), ‘वाके देवा नाइ’ (तसंच काही नाही), ‘वाके निवा इकानाइ’ (तसं करून चालणार नाही) हे तिघं एकाच प्रश्नात पर्याय म्हणून समोर ठाकतात. वेगवेगळ्या दिवशी शिकलात तर तिथे गोंधळ ठरलेला.

नागोयाकर:
एक राहिलं. डिसेंबरची परीक्षा पहिल्या रविवारी असते, जपानातले अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरात ऑनलाइन भरून घेतात. मुदत गेली की गेली. अर्जासाठीच्या माय-जेएलपीटी संकेतस्थळावर खातं आधीच उघडून ठेवा, नाव पासपोर्टप्रमाणे टाका. तो आठवडा रात्रपाळीचा निघाला तर शनिवारची पाळी रविवारी सकाळी सुटेल आणि तुम्ही जागरण करून पेपरला बसाल. कंपनीचं कॅलेंडर आजच बघा, अर्ज भरताच शनिवारची भरपगारी रजा मागून ठेवा. सलग सहा महिने नोकरी आणि ८० टक्के हजेरी झाली असेल तर कायद्याने किमान १० दिवस मिळतात. केंद्रावर वेळेत पोहोचा, कारण ऐकण्याचा पेपर सुरू झाल्यावर आत घेत नाहीत. आणि फोन पूर्ण बंद ठेवा. अलार्मही वाजला तरी बाहेर काढतात.